नाळ, सुईण आणि मिरजेची शाळा

मिरजेची ख्याती दोन गोष्टींसाठी आहे: तंतुवाद्ये आणि दवाखाने. दक्षिण महाराष्ट्रात आणि शेजारच्या कर्नाटकात ‘मिरजेला हलवलं’ एवढे म्हटले की दुखणे साधे नाही हे ऐकणाऱ्याला कळते. या ख्यातीचा इतिहास बहुतेक वेळा एका शल्यविशारदाचा म्हणून सांगितला जातो. कॅनडात जन्मलेले विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून भारतात आले, १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले, पुढची तीन-साडेतीन दशके शस्त्रक्रिया केल्या आणि १९२८ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. हे सगळे खरेच आहे, पण या हकिकतीत १८९७ हे साल मागे पडते. त्या वर्षी या रुग्णालयात इथल्याच तरुणांना वैद्यक शिकवण्याचे वर्ग सुरू झाले. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात नवजात बाळे कशी जगू लागली, याचा शोध घ्यायचा तर शस्त्रक्रियेच्या टेबलापेक्षा त्या वर्गाकडे आधी पाहावे लागते. बाळ जन्मते तेव्हा मोठा डॉक्टर सहसा जवळ नसतो. जवळ असते सुईण, नर्स किंवा ‘आशा’ म्हणून ओळखली जाणारी गावातलीच आरोग्यसेविका. तिला काय शिकवले, किती वेळा शिकवले, अडल्यावर तिच्या पाठीशी कोण उभे राहिले आणि समाजाने तिला काय मान दिला, या चार गोष्टींवर बाळाचे जगणे ठरत आले आहे. आज आफ्रिकेतल्या अपुऱ्या साधनांच्या रुग्णालयांत नवजात बाळांसाठी जे प्रयत्न चालले आहेत, त्यांचा अनुभवही याच चार गोष्टींपाशी येऊन थांबतो.

आधी परिस्थिती काय होती ते पाहू. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके ब्रिटिश सातारा जिल्ह्यात होते. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने आजूबाजूला विखुरलेली होती. बाळंतपण घरातच होई, आणि तेही घरातल्या सर्वांत अंधाऱ्या, जुन्या कपड्यांच्या खोलीत, कारण विटाळ होता. नाळ कापण्याचे, वार पुरण्याचे आणि रक्ताचे कपडे धुण्याचे काम अनेक गावांत महार, मांग किंवा न्हावी समाजातल्या बाईकडे असे. तिचे हात अनुभवी होते. आडवे मूल पोटावरून चाचपून ओळखणाऱ्या आणि बाळंतिणीला धीर देणाऱ्या सुईणी गावोगाव होत्या. पण नाळ विळ्याने किंवा हाताला येईल त्या पात्याने कापली जाई आणि जखमेवर राख नाहीतर शेण लावले जाई. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. नाळेवाटे ते आत शिरले की काही दिवसांनी बाळ अंगावर पिईनासे होते, जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखे ताठ होते आणि पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच ते जाते. पाचवीच्या पूजेला घर रात्रभर जागते आणि सटवाई त्याच सुमारास बाळाचे कपाळ लिहून जाते, अशी श्रद्धा आहे. ज्या दिवसांत बाळे हटकून दगावत, त्याच दिवसांभोवती हे भय आणि हे विधी गोळा झालेले दिसतात. लोकांनी धोक्याची वेळ बरोबर ओळखली होती. कारण मात्र त्यांच्या हाती आले नव्हते.

उच्चवर्णीय, सुशिक्षित घरेही यातून सुटलेली नव्हती. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि त्यांचा मुलगा दहा दिवसांत गेला. डॉक्टर होण्याच्या त्यांच्या निश्चयामागे हे दुःख होते, असे त्यांचे चरित्र सांगते. १८८६ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियात पदवी घेतली. प्रबंधाचा विषय निवडला तोही हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-कक्षाची जबाबदारी त्यांना मिळाली होती, पण रुजू होण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये त्यांचे निधन झाले. मिरजेपासून काही कोसांवरच्या गावी स्त्री डॉक्टरची जागा तयार होती आणि ती भरायला माणूस उरले नाही. पुढची अनेक दशके या भागाची अडचण नेमकी हीच राहिली. इमारत, पलंग, औषधे यांची सोय संस्थानिक किंवा देणगीदार करून देत. शिकलेली माणसे मात्र देणगीत मिळत नव्हती. ती घडवावी लागत.

सरकारने प्रयत्न केले नाहीत असे नाही. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाने निधी उभा राहिला आणि त्यातून स्त्रियांसाठी दवाखाने निघाले. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड सुरू झाला, त्याचा हेतूच देशी सुईणींना शिकवण्याचा होता. या प्रयत्नांना यश फार थोडे आले आणि त्याचे खापर बहुधा सुईणीच्या अडाणीपणावर आणि हट्टीपणावर फुटले. पण तिच्या बाजूने पाहिले तर तिने यावे तरी कशाला? वर्गाला आले की त्या दिवसाची मजुरी बुडे. शिकून परत गेल्यावर गाव तिला तीच पायली-दोन पायली धान्य देणार, त्याच दाराशी उभी करणार. बाळंतीण अडली आणि तिने मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितले, तर नेणार कुठे आणि पोचल्यावर तिचे ऐकणार कोण, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. तिच्या हाती ज्ञान दिले, पण त्या ज्ञानाला आधार आणि मान दिला नाही. शिक्षणाचा हा साचा पुढे अनेकदा वापरला गेला आणि जवळजवळ दर वेळी तसाच फसला.

मिरजेचे वेगळेपण इथे दिसते. वॉन्लेस यांच्याकडे रोगी येत होते ते रेल्वेने, बैलगाडीने, पाठुंगळीने. मिरज जंक्शन असल्याने पुण्याकडून, कोल्हापुरातून, कर्नाटकातून गर्दी होई. एका डॉक्टरला ती आवरणे अशक्य होते. भूल देणारा, जखम बांधणारा, औषध तयार करणारा, रात्री तापाचे कोष्टक ठेवणारा माणूस हवा होता आणि तो परदेशातून आणणे परवडणारे नव्हते. गरजेपोटी त्यांनी इथल्या मुलांना हाताखाली घेतले आणि त्यातून वैद्यकाची शाळा उभी राहिली, परिचारिकांचे शिक्षण उभे राहिले. इथले शिक्षण व्याख्यानातून कमी आणि खाटेशेजारी अधिक होई. सकाळी जे सांगितले ते दुपारी करून दाखवावे लागे आणि चुकले तर तिथेच सुधारून घ्यावे लागे. शिकून तयार झालेली माणसे आजूबाजूच्या तालुक्यांत गेली, तरी अडलेला रोगी परत मिरजेलाच धाडत आणि तिथे त्यांना ओळखणारे कोणी तरी असे. साताऱ्याच्या बाजूला वाईत अमेरिकन मराठी मिशनच्या रुग्णालयात डॉ. लेस्टर बील्स आणि डॉ. रोझ बील्स या दांपत्याने काम केले. तिथेही स्त्रीरोग्यांपर्यंत पोचण्याची वाट शिकवलेल्या स्थानिक बायकांमधूनच जात होती.

यातला सामाजिक बदल वैद्यकीय बदलाइतकाच मोठा होता. बाळंतपणाचे रक्त पुसणारी बाई गावात पुष्कळदा अस्पृश्य होती. मिशनच्या परिचारिका-वर्गात येणाऱ्या मुलींपैकी पुष्कळ जणी ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांतल्या होत्या आणि त्या कुटुंबांची मुळे बहुतांशी दलित वस्त्यांत होती. म्हणजे काम जवळपास तेच, ते करणारे घरही पुष्कळदा तेच. फरक पडला तो पांढऱ्या गणवेशाने, प्रमाणपत्राने आणि महिन्याच्या पगाराने. तिला वाड्यातल्या बाळंतिणीला हात लावण्याची, सासूला ‘राख लावू नका’ असे बजावण्याची मुभा मिळाली. हात धुण्याचे, नाळ उकळलेल्या कात्रीने कापण्याचे ज्ञान एखाद्या सुईणीलाही दोन दिवसांत देता आले असते. पण तिने सांगितलेले घराने ऐकावे, यासाठी तिच्या अंगावर जो अधिकार लागतो तो दोन दिवसांत येत नाही. महाराष्ट्रात ‘नर्सबाई’ या संबोधनात जो आदर हळूहळू आला, त्याच्या पायाशी अशा परिचारिका-शाळा आहेत.

यावर एक आक्षेप उघड आहे. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता. रुग्णसेवा हे त्याचे साधन होते. ते नाकारण्यात अर्थ नाही, मिशनने ते कधी लपवलेही नाही. पण प्रश्न हेतूचा नसून रचनेचा आहे. रुग्णालय आणि शाळा एकाच छताखाली असणे, शिकणाऱ्याने रोज रोगी हाताळणे, शिकलेल्याला नोकरी आणि आधार असणे, ही रचना धर्मावर अवलंबून नाही. पुढे महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय काढले तेव्हा ते रिकाम्या माळावर काढले नाही. मिशनचे रुग्णालय आणि सांगलीचे सरकारी रुग्णालय यांच्या आधारानेच त्याची सुरुवात झाली. धर्माशी संबंध नसलेल्या सरकारने तीच रचना उचलली, यावरून तिचे मोल तिच्या हेतूपेक्षा वेगळे मोजता येते हे दिसते.

तरीही मिरज हे एक बेट होते आणि त्याच्याभोवती किती पाणी होते हे १९४६ च्या, देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या अहवालातून कळते. ब्रिटिश भारतात १९३७ मध्ये दर हजार जन्मांमागे १६२ अर्भके वर्षाच्या आत मरत होती. तीस कोटींच्या लोकसंख्येसाठी डॉक्टर होते सुमारे ४७,५००, परिचारिका ७,००० आणि प्रशिक्षित सुईणी ५,०००. म्हणजे साठ हजार माणसांमागे एक सुईण. डॉक्टरांच्या संख्येपेक्षा ही संख्या किती तरी पटींनी अपुरी होती. तरीही समितीच्या ज्या शिफारशीची सर्वाधिक चर्चा झाली ती डॉक्टरांविषयीचीच होती. पदवीपेक्षा कमी शिक्षणाचे परवानाधारक डॉक्टर घडवणे थांबवावे आणि देशात एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर असावा, असे तिने सुचवले. समितीतल्याच काही सदस्यांनी यावर असहमती नोंदवली, कारण गावात बसायला तयार असणारा डॉक्टर बहुधा हाच होता. दर्जा वाढवण्याचा हेतू चांगला होता यात शंका नाही. परिणाम मात्र असा झाला की एका पिढीत मधली पायरीच नाहीशी झाली. वर पदवीधर डॉक्टर शहरात, खाली शिक्षण न मिळालेली सुईण गावात आणि मधे फारसे कोणीच नाही.

१९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. प्राथमिक आरोग्य केंद्रे आली, उपकेंद्रात सहायक परिचारिका आली, जिला गाव ‘सिस्टर’ म्हणू लागले. १९७७ नंतर केंद्र सरकारने गावोगावच्या सुईणींना पुन्हा शिकवायला घेतले. त्यांना एक छोटी पेटी मिळाली, त्यात पाते, दोरा, साबण, प्लास्टिकचा तुकडा. शिकवण्याचा गाभा पाच स्वच्छतांचा होता: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पाते स्वच्छ, नाळ बांधायचा दोरा स्वच्छ आणि कापलेल्या नाळेवर काहीही न लावणे. पाचवी गोष्ट सर्वांत अवघड होती, कारण ती काही करायला सांगत नव्हती, वर्षानुवर्षांची सवय सोडायला सांगत होती. त्याच्या जोडीला गरोदर बाईला धनुर्वाताची लस मिळू लागली. १९८५ च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाने ती गावापर्यंत पोचली. २०१५ मध्ये माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून दूर झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. पाचवीच्या रात्री ज्या आजाराला सटवाईचा कोप समजले जाई तो या पट्ट्यातल्या नव्या पिढीच्या डॉक्टरांना पुस्तकातच वाचावा लागतो. यातले श्रेय लशीचे किती आणि पात्याचे किती याचा हिशेब लावणे कठीण आहे, पण दोन्ही पोचवणारे हात खालच्या पायरीवरचेच होते.

दुसरा आक्षेप अधिक भक्कम आहे. बाळे वाचली ती समृद्धीमुळे, असे म्हणता येईल. कृष्णेचे पाणी आले, सहकारी साखर कारखाने आले, रस्ते आले, रयत शिक्षण संस्थेच्या शाळा खेड्यात गेल्या. किर्लोस्करवाडीहून १९३० पासून ‘स्त्री’ मासिक निघत होते आणि सुशिक्षित बायकांच्या घरी ते वाचले जात होते. आईचे शिक्षण आणि घरातले उत्पन्न यांचा अर्भकमृत्यूशी संबंध आहे हे कोणीही नाकारणार नाही. पण हा संबंध सर्व वयांत सारखा नसतो. चांगले पाणी, पोटभर अन्न आणि लसी यांनी आधी वाचते ते सहा महिन्यांचे, वर्षाचे मूल, कारण ते हगवण, गोवर आणि कुपोषण यांनी मरत असते. पहिल्या आठवड्यातले बाळ मरते ते श्वास न घेतल्याने, वजन कमी असल्याने, थंड पडल्याने किंवा जंतुसंसर्गाने. त्याला वाचवायला त्या घटकेला शिकलेले कोणी तरी जवळ लागते. आकडे हेच सांगतात. १९७१ च्या सुमारास भारतात हजारी १२९ अर्भकमृत्यूंपैकी सुमारे ७५ पहिल्या महिन्यातले होते, म्हणजे सहा दशांशाच्याही थोडे खाली. २०२० मध्ये महाराष्ट्राचा अर्भकमृत्युदर १६ वर आला आणि त्यातले ११ मृत्यू पहिल्या महिन्यातले होते, म्हणजे दोन तृतीयांशाहून अधिक. समृद्धीने सोपे मृत्यू आधी कमी केले. उरलेले अवघड मृत्यू पहिल्या काही दिवसांत साठून राहिले आणि त्यांचे उत्तर कौशल्यात आहे.

हे कौशल्य डॉक्टरखेरीज इतर कोणी वापरू शकते का, याचा सर्वांत काटेकोर पुरावा महाराष्ट्रातूनच आला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि तुलनेसाठी ४७ गावे ठेवली. त्या बायका बाळाला कोरडे करून गुंडाळत, वजन घेत, श्वास मोजत, न रडणाऱ्या बाळाला नळी-मुखवट्याने आणि पुढे पिशवी-मुखवट्याने श्वास देत आणि जंतुदोषाची लक्षणे दिसली तर जेंटामायसिनचे इंजेक्शनही देत. थोड्याच इयत्ता शिकलेल्या बाईच्या हाती सुई देणे हे अनेक डॉक्टरांना धोक्याचे वाटले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा तुलनेच्या गावांपेक्षा तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटलेला होता. २०११ पासून केंद्र सरकारने आशांकडून घरी जाऊन नवजात बाळाची तपासणी करून घेण्याचा जो कार्यक्रम सुरू केला, त्याच्या मुळाशी हा प्रयोग आहे. सांगलीच्या एखाद्या वाडीवर आशा आज दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटते. काट्याला झोळी अडकवून वजन करते, काखेत थर्मामीटर धरते, पोटाकडे पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजते आणि तो साठच्या वर गेला तर दवाखाना गाठायला सांगते. या एका मिनिटात शंभर वर्षांचे शिक्षण साठलेले आहे.

तिसरा आक्षेप संशोधकांकडून येतो आणि तो टाळून चालणार नाही. प्रशिक्षणाने मृत्यू कमी होतातच असे नाही. १९८७ च्या नैरोबी परिषदेनंतर सुरक्षित मातृत्वाची जी चळवळ उभी राहिली, तिने पुढे सुईणींच्या प्रशिक्षणावरचा भर काढून घेतला, कारण मातांचे मृत्यू त्याने घटले नाहीत. २०१० मध्ये सहा देशांत झालेल्या मोठ्या अभ्यासात, ज्यात बेळगाव परिसरही होता, नवजात काळजीच्या प्रशिक्षणाने अर्भकांचे पहिल्या आठवड्यातले मृत्यू ठळकपणे घटलेले दिसले नाहीत. मृत जन्म मात्र कमी झाले. बेळगाव, नागपूर आणि केनिया येथे श्वास देण्याच्या प्रशिक्षणाचा अभ्यास झाला, त्यातही एकूण परिणाम ठोस निघाला नाही. हे निष्कर्ष खरे मानूनच विचार केला पाहिजे. मातेचा रक्तस्राव आणि अडलेले मूल यांना रक्त आणि शस्त्रक्रिया लागते. सुईणीच्या हाती ते नाही, म्हणून तिच्या प्रशिक्षणाने माता वाचल्या नाहीत यात नवल नाही. बाळाचे पुष्कळसे दुखणे मात्र हाताच्या टप्प्यात असते. झांबियात लुफ्वान्यामा भागात सुईणींना श्वास देणे, एक औषध देणे आणि दवाखान्यात पोचवणे या तिन्ही गोष्टी एकत्र शिकवल्या, तेव्हा नवजात मृत्यू ४५ टक्क्यांनी घटले. जिथे पोचवण्याचा दुवा जोडलेला होता तिथे फरक पडला.

टांझानियातल्या हायडोम रुग्णालयाचे उदाहरण तर मिरजेचेच वाटावे इतके जवळचे आहे. ते ग्रामीण भागातले मिशनचे रुग्णालय. तिथल्या सुईणींना श्वास देण्याचे एक दिवसाचे प्रशिक्षण दिले. सरावाच्या बाहुलीवर सगळ्यांनी नीट करून दाखवले, पण प्रसूतिकक्षात त्यांच्या वागण्यात काहीच फरक पडला नाही. मग रुग्णालयाने तीच बाहुली प्रसूतिकक्षात ठेवली आणि पाळीवर असलेल्यांनी थोडा थोडा सराव वारंवार करायचा असे ठरवले. त्यानंतर पहिल्या चोवीस तासांतले मृत्यू लक्षणीय घटले. ज्ञान तेच होते, बाहुलीही तीच होती. बदलली ती शिकवण्याची जागा आणि पुनरावृत्ती. १८९७ च्या मिरजेत खाटेशेजारी जे होत होते ते हेच. म्हणून ‘प्रशिक्षण निरुपयोगी’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. निरुपयोगी आहे तो एका दिवसाचा वर्ग, चहा-बिस्किटे आणि शेवटी प्रमाणपत्र, हा साचा. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत २०२२ मध्येही हजारी २७ बाळे पहिल्या महिन्यात जात होती. तिथल्या रुग्णालयांना महाराष्ट्राने काही सांगायचे असेल तर ते यंत्रांविषयी कमी आणि या साच्याविषयी अधिक असावे.

आपल्यालाही ते स्वतःला सांगण्याची गरज आहे. महाराष्ट्रात १९९२-९३ मध्ये निम्म्याहून कमी बाळंतपणे दवाखान्यात होत होती, २०१९-२१ च्या पाहणीत ती ९४.७ टक्क्यांवर गेली. लोकांच्या भाषेत ‘बाळ पेटीत ठेवलंय’ हे वाक्य आता रोजचे झाले आहे. पण पेटी एकटी बाळाला वाचवत नाही. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला लागलेल्या आगीत दहा बाळे गेली. यंत्र जितके गुंतागुंतीचे तितकी त्याच्याजवळ जागणारी, त्याची तार आणि तापमान पाहणारी माणसे अधिक लागतात, हे त्या रात्रीने दाखवले. कौशल्याची दुसरी बाजूही याच पट्ट्याने पाहिली आहे. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८५१ मुली होत्या आणि मार्च २०१७ मध्ये मिरजेजवळच्या म्हैसाळला १९ भ्रूण पुरलेले सापडले. वैद्यकाचे शिक्षण जिथे सव्वाशे वर्षे रुजले तिथेच हे घडले. कौशल्य वाढले म्हणून मुलीचे मोल आपोआप वाढत नाही, हे मान्य करूनच शिक्षणाचा गौरव करावा लागतो.

आणि साखळीच्या तळाशी पुन्हा तीच बाई उभी आहे. आशा सरकारी नोकर नाही, तिला कामागणिक मोबदला मिळतो. नवजात बाळाच्या सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की अडीचशे रुपये, हा तिचा हिशेब. सुईणीला पायलीभर धान्य देणारे गाव आणि आशेला ‘स्वयंसेविका’ म्हणणारे सरकार यांच्यात तत्त्वाचा फरक फारसा नाही. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आलेल्या टोळ्या वाळव्यात, कराडात फडांच्या कडेला कोपी बांधतात. तिथे जन्मलेले बाळ गावच्या यादीत नसते, म्हणून कोणाच्याच सहा भेटींत बसत नाही. उपाय नवा नाही. शिकणे रुग्णालयाच्या आत आणि सतत व्हावे, म्हणजे जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात आशा आणि सिस्टर यांची पाळी ठरवून लागावी. तिने पाठवलेले बाळ तिच्या नावाने नोंदले जावे, त्याचे पुढे काय झाले हे तिला कळवले जावे. तिला मोबदल्याऐवजी वेतन मिळावे आणि कोपीतले बाळ ज्या गावच्या शिवारात जन्मले त्या गावच्या यादीत यावे. मिरजेच्या शाळेने यातल्या पहिल्या दोन गोष्टी संस्थानी काळात, देणगीच्या पैशावर करून दाखवल्या. तिसरी आणि चौथी सरकारला जमणाऱ्या आहेत, आणि सव्वाशे वर्षांचा पुरावा समोर असताना त्या न करण्याला पैशांची अडचण हे कारण पुरेसे नाही.